संघाच्या जवळचं सूत्र

यार्डमामा कुठलंही अंतर यार्डात सांगायचे. कुरिअरवाला लिफ्टमधून बाहेर पडून बावरला की ते खुर्चीतून न उठता म्हणायचे, "डावीकडं, सात यार्ड." चहाची टपरी गेटपासून वीस यार्डांवर होती आणि चिंचवड स्टेशन मोजण्यापलीकडे. एकदा मोशीच्या चौकातल्या कोंडीमुळे त्यांना उशीर झाला, तर टीम लीडरला त्यांनी कारण दिलं की चार डाव झाले तरी दहा यार्ड सरकता आलं नाही. टीम लीडरने ते मुकाट्याने मान्य केलं, कारण आमचं सगळं ऑफिसच त्या चार डावांवर आणि दहा यार्डांवर जगत होतं.

आम्ही चिंचवडमध्ये तिसऱ्या मजल्यावर बसून अमेरिकेतल्या वाचकांसाठी अमेरिकन फुटबॉलच्या बातम्या लिहायचो. कोण जखमी झाला, कोणत्या प्रशिक्षकाला काढलं, चाहते कुणाच्या नावाने बोटं मोडताहेत, सगळं. आमच्यातल्या एकानेही तो लांबट चेंडू हातात धरलेला नव्हता. मी उदगीरकडची, इंग्रजीत एम. ए. झालेली, फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला ठाऊक. हा खेळ बराचसा हातांनी खेळतात हे टीम लीडरने दोन तास स्लाइड दाखवून समजावलं आणि माझ्या डोक्यावरून गेलं. मामांनी ते जिन्यात दोन मिनिटांत सांगितलं. "चुलत्याच्या वावरातनं वाट काढायची असं समज. चार येळा ढकलून बघायचं. दहा यार्ड मिळालं तर पुन्हा चार येळा, न्हाई तर गप घरी यायचं."

हे सांगणारा माणूस आमचा सिक्युरिटी गार्ड होता. एजन्सीचा निळा गणवेश, ढगळ पँट, उजव्या पायात किंचित लंगडणं. मामा मोशीचे, जुन्या घरातले. "आमच्या कांद्याच्या वावरात आता सात मजलं उगवल्यात," असं ते हसत सांगायचे, पण त्या इमारतीसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. आधी ते चाकणच्या एका कंपनीत मशिनवर होते. तिथे नवी लाइन उभी करायला एक अमेरिकन इंजिनिअर दोन वर्षं येऊन राहिला होता आणि मामा त्याच्या हाताखाली. दर सोमवारी पहाटे तो कँटीनच्या टीव्हीवर आपल्या गावचा सामना लावायचा, आणि पहिल्या शिफ्टच्या आधी मामा शेजारी बसून तो खेळ शिकले. त्याचा संघ कायम हरणारा. जाताना त्याने मामांना त्या संघाची टोपी दिली. पुढे ती लाइन बंद पडली, मामांचं काँट्रॅक्ट संपलं आणि अंगावर निळा गणवेश आला. टोपी मात्र डब्याच्या पिशवीत रोज यायची.

तिकडे रविवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ. माझी शिफ्ट सहाला सुरू व्हायची आणि सामने संपले की बातम्यांखाली चाहत्यांची भांडणं जुंपायची. त्यातून मसाला वेचणं हे माझं काम. मामा चहा घेऊन खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "पोरी, आधी हरलेल्यांचं वाच." मी वाचून मराठीत सांगायची. कुणाचे वडील जन्मभर एका विजेतेपदाची वाट बघत अंथरुणाला खिळलेले असायचे. कुणी पुन्हा सामना बघणार नाही अशी शपथ घ्यायचा, आणि तोच पुढच्या सोमवारी तीच शपथ पुन्हा घ्यायचा. मामा त्या लोकांना नावानिशी ओळखायला लागले होते. त्यातला एखादा आठवडाभर दिसला नाही की बरा आहे ना म्हणून चौकशी करायचे. जिंकलेल्यांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. "जिंकलेला काय, काहीबी बोलतो. हरलेला खरं बोलतो, निदान दुपारपतुर."

पण आमच्या ऑफिसची चूल पेटायची ती दुखापतींवर. पडलेला खेळाडू किती दिवसांसाठी गेला हे जो पहिल्यांदा सांगेल त्याच्याकडे वाचक धावतात. डॉक्टर वेळ घेतात, संघ लपवतो. मामा काचेच्या दाराशी उभे राहून मोठ्या पडद्यावर ते पडणं एकदा बघायचे आणि सांगायचे, "घोटा हाय, पंधरा दिसात पळंल." किंवा, "गुडघा गेला. पाय रोवलेला व्हता, अंग फिरलं." अख्ख्या हंगामात ते एकदाच चुकले. त्यांची ही नजर सगळ्यांत आधी माझ्या ध्यानात आली आणि ते सांगतील ते मी लिहायला लागले. बातमीला आधार लागतो, म्हणून लिहायची, 'संघाच्या जवळच्या सूत्रांनुसार'. ते सूत्र दाराशी बसून आत-बाहेर जाणाऱ्या लॅपटॉपच्या नोंदी करत असे आणि एकच्या ठोक्याला मटकीची उसळ खात असे. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरी जाऊन मामींनाही सांगितलं की मी आता संघाच्या जवळचा माणूस आहे. माझं कौतुक झालं, सहा महिन्यांत नावापुढे 'सीनिअर' लागलं. मामांचं नाव कुठेच नव्हतं आणि त्याचं मला खरंच काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू.

त्यांची एकच अट होती. "मोठ्यांचं लिही. त्यांना पगार हाय, डॉक्टर हायेत. कालेजच्या पोरांचं मातुर घरी कळल्याबिगर लिहू नको." कारणही त्यांनी एकदा सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना जत्रेतल्या कबड्डीत त्यांचा गुडघा गेला. टेम्पोत घालून घरी आणेपर्यंत बातमी त्यांच्या आधी मोशीत पोचली होती. त्यांची आई गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होती. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं की तुझ्या पोराचा पाय गेला. तिला वाटलं, तुटून पडला. डबा तिथेच टाकून ती अनवाणी हायवेपर्यंत पळत गेली. "पाय दुखायचा थांबला कवाच. आई पुन्हा मरंपतुर त्या गिरणीत गेली न्हाई. दळण आमीच न्यायचो." मी त्यांना शब्द दिला होता. दोन वेळा पाळलाही. दोन्ही वेळा दुसऱ्या साइटने आधी लिहिलं आणि टीम लीडरने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की सूत्रं झोपली होती का.

तो पुढच्या हंगामातला, नोव्हेंबरमधला रविवार होता. कॉलेजचे सामने तिकडे शनिवारी असतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. एका लहानशा गावातल्या कॉलेजचा एक पोरगा, पुढच्या वर्षी मोठ्या संघात जाणार म्हणून सगळीकडे ज्याची चर्चा होती, चेंडू घेऊन पळाला आणि तिघं त्याच्या अंगावर पडले. तिघं उठले, तो उठला नाही. सामना चालू असताना मामा कधी दार सोडत नसत. त्या दिवशी ते आत आले, माझ्या खुर्चीपाशी थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "गेला गं. ह्यो पुन्हा पळत न्हाई." ते बातमी सांगत नव्हते. घरातलं कुणी गेल्यावर माणूस जवळच्याला जसं सांगतो तसं त्यांनी मला सांगितलं होतं. एवढ्यात लिफ्ट वाजली आणि ते परत दाराकडे गेले.

लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. टीम लीडर त्या दिवशी घरी होता. माझी बोटं आपोआप चालू झाली असं म्हणायला आवडेल, पण मी शब्द निवडून लिहिलं. संघाच्या जवळच्या सूत्रांनुसार त्याची कारकीर्द संपल्यात जमा आहे. चार मिनिटांत बातमी लागली. भिंतीवरच्या पडद्यावर वाचकांचा आकडा चढायला लागला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या तासाने मामा चहा घेऊन आले. पडद्यावरच्या आकड्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पोराचा संघ हरला होता, म्हणून म्हणाले, "त्याच्या गावचं वाच." मी बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचायला लागले. देव त्याचं भलं करो, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. एकाने पंचांना शिव्या घातल्या होत्या. मी भराभर खाली सरकत होते. मामा म्हणाले, "मधली एक राह्यली." मी म्हटलं, त्यात काही नाही. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. कंपनीत मशिनवरच्या पाट्या वाचून वाचून त्यांना अडखळत इंग्रजी वाचता येत होतं, हे मी विसरले होते.

"मदर," ते म्हणाले. "आईची हाय न्हवं?"

मग मी ती वाचली. मी त्याची आई आहे, असं तिने लिहिलं होतं. मला भीती वाटते म्हणून मी त्याचे सामने बघत नाही. शेजारणीने आत्ता तुमची ही बातमी दाखवली. मला अजून कुणाचाही फोन आलेला नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं?

मामांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं की तिला." थोड्या वेळाने म्हणाले, "काढ ते."

मी टीम लीडरला फोन केला. त्याचं म्हणणं, आकडा चढतोय आणि बातमी खरी असेल तर काढायची कशाला. मी फोन ठेवला आणि मामांना म्हटलं, "माझ्या हातात नाही, मामा." ते माझ्याच हातात होतं. एक बटण होतं. चुकलेल्या बातम्या त्याच बटणाने काढताना त्यांनी मला अनेकदा पाहिलं होतं. ते चहाचा कप उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजने जाहीर केलं. सगळं खरं होतं. सगळ्यांत आधी आम्ही दिलं म्हणून ऑफिसात केक आला आणि तो मला कापायला लावला. मी कागदी बशीत एक तुकडा घालून दाराशी नेला. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. "खरं निघालं, मॅडम. अभिनंदन," म्हणाले. तोपर्यंत मी त्यांची 'पोरी' होते. शिफ्ट संपवून निघाले तेव्हा बशी टेबलावर तशीच होती आणि केकला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी खुर्ची फिरवून घेतली, पाठ पडद्याकडे आणि तोंड लिफ्टकडे. सामन्याबद्दल ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कुरिअरवाल्यालाही 'डावीकडं' एवढंच सांगायचे. मग मी अंदाजाने लिहायला लागले, गुडघा, घोटा, मनाला येईल ते. अर्ध्या वेळा चुकायची. कुणीही काही म्हणालं नाही, कारण पहिलं असणं पुरत होतं, बरोबर असायची गरजच नव्हती. ज्या नजरेसाठी मी त्या माणसाला वापरलं ती नजर त्या धंद्याला कधी लागतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. डिसेंबरात मामांनी एजन्सीला सांगून बदली मागून घेतली. गार्डला निरोपसमारंभ नसतो. सोमवारी दाराशी दुसराच माणूस होता, एवढंच.

या वर्षी माझं लग्न ठरलं. पहिली पत्रिका कुणाला द्यायची हे मला माहीत होतं, पण हिंमत व्हायला महिना गेला. एजन्सीत विचारून मी गेले, तेव्हा चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर मामा उभे होते. लंगडणं वाढलं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे माझं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, कुठून आले ते लिहिलं आणि कुणाला भेटायचं या रकान्यापाशी थांबले. तुम्हालाच, असं मी म्हटलं. त्यांनी जरा विचार करून 'वैयक्तिक' असं लिहिलं. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, पेढा तोंडात टाकला. मामी बऱ्या आहेत म्हणाले. मुलगा काय करतो ते विचारलं. मला वाटलं, सगळं मिटलं. मग त्यांनी विचारलं, "त्यो पोरगा चालतो का आता?"

कुठला पोरगा, हे विचारायची गरज नव्हती. त्या बातमीनंतर तिसऱ्या दिवसापासून त्याच्या नावाने वाचक येईनासे झाले आणि आमच्यापैकी कुणीही ते नाव पुन्हा शोधलं नव्हतं. मीही नाही.

"हो मामा," मी म्हटलं. "चालतो. बरा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरचं पडणं ते असंच बघायचे, एकदाच.

"कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग मनगटावरचं घड्याळ पाहून रजिस्टरमध्ये माझी बाहेर जायची वेळ लिहिली आणि सहीसाठी वही माझ्याकडे फिरवली.