पुढच्या नर्ससाठी वही

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या आमच्या वॉर्डात ती तेरा आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर नर्स म्हणून आली. मूळची पुण्याची. मेलबर्नची पक्की नोकरी सोडून आता गावोगावच्या हॉस्पिटलांत फिरते. पहिल्या दिवसापासून तिच्या खिशात एक निळी वही असायची. आपल्यानंतर येणाऱ्या नर्ससाठी ती त्यात वॉर्डच्या खोडी लिहून ठेवायची. तीन नंबरच्या बेडचा ब्रेक दोनदा दाबा. फार्मसीला अकराच्या आत फोन करा, नंतर कोणी उचलत नाही. सहा वर्षं इथे काढूनही यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

"पक्की नोकरी का सोडलीस?" मी एकदा विचारलं.

बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात कुठल्या दिवशी कुठली शिफ्ट, हे ड्युटीचा तक्ता न बघता सांगता यायला लागलं, डॉक्टर. म्हणून."

शेवटच्या दिवशी वही डेस्कवर ठेवून ती एअरपोर्टला गेली. मी सहज चाळली. सगळं इंग्रजीत होतं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या मराठीत.

"डॉक्टर दर शुक्रवारी पर्थच्या नोकऱ्या बघतात. अर्ज करत नाहीत."

नवी नर्स आयर्लंडची आहे. वॉर्डात मराठी वाचणारा मी एकटाच.