ओरछ्याच्या रस्त्यावरचं फाटक

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सकाळ, दाट धुकं. झाशीच्या ओरछा गेटपाशी हजर: मी, माझे भावोजी (थोरल्या ताईचे यजमान), आधीच्या दोन्ही शर्यती जिंकलेला बिजौलीच्या एका कारखान्यातला तरुण सुपरवायझर, कॉलेजची पाच पोरं, आणि निकाल लिहायला कानटोपी घातलेले एक निवृत्त मास्तर. गैरहजर: ज्यांना अक्कल आहे ते सगळे. हे शेवटचं वाक्य ताईचं.

आमची शर्यत म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. महिन्यातून एकदा ओरछ्याच्या रस्त्याने निघायचं, रेल्वे फाटक ओलांडायचं, पुढच्या ढाब्याला वळसा घालून परत यायचं. बक्षीस एखादा थर्मास. मी पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं म्हणून सायकल धरली, आणि बहुतेक वेळा शेवटून दुसरी येते. भावोजींचं तसं नाही. त्यांना जिंकायचं असतं.

भावोजी मालगाडीचे गार्ड. सगळी नोकरी याच मार्गावर, गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून. हल्ली पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं, तेव्हापासून ताई जेवायला हाक मारते, "मॅनेजरसाहेब, या, गाडी लागली." पोरांनी मात्र जुनं नाव सोडलेलं नाही. मागच्या शर्यतीत त्यातला एकजण म्हणाला होता, "गार्ड साहब हैं, सबसे पीछे ही चलेंगे." सगळे हसले. भावोजीही हसले, पण महिनाभर रोज पहाटे सायकल काढत होते.

त्या दिवशी ते खरोखरच पुढे होते. जाताना फाटक उघडं होतं. ढाब्यावरून परतताना ते मला समोरून गेलेले दिसले, मान खाली, एकटेच. सुपरवायझर बराच मागे. मी ढाबा गाठून वळले आणि परतीला लागले, तर फाटकाचा दांडा खाली, आणि सगळी शर्यत तिथे गोळा झालेली. भावोजींनी मिळवलेलं सगळं अंतर पुसलं गेलं होतं. मीसुद्धा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, यावरून काय ते समजा.

"आंटीजी भी आ गईं," एक पोरगा म्हणाला. "अब तो मुक़ाबला बराबरी का है."

झाशीकडून मालगाडी आली, धुक्यातून डबे एकामागून एक निघत राहिले. शेवटचा डबा गेला तसे भावोजी किंचित पुढे वाकले आणि त्यांनी त्याच्या मागचा लाल दिवा पाहून घेतला. दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी गेली, डबा मागे सुटलेला नाही. हे ते नेहमीच करतात, भाजी आणायला निघाले असले तरी.

दांडा वर झाला नाही. भावोजींनी सायकल आडवी केली आणि खालून घातली.

गेटमन केबिनच्या दारातून ओरडला, "रुको दद्दा! अबै एक और आ रई है!"

"अब कहाँ से आएगी? अभी तो एक निकली है," भावोजी वळूनही न पाहता म्हणाले, आणि धुक्यात शिरले.

रेल्वेत नसलेला कोणीही तिथे थांबला असता. फाटक बंद, गेटमन ओरडतोय, एवढं त्याला पुरलं असतं. पण वर्षानुवर्षं इथे एकच लाइन होती. एकेरी मार्गावर एक गाडी पुढे गेली की ती पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत समोरून दुसरी सुटतच नाही. भावोजींना हे कोणी शिकवायची गरज नाही. दुसरी लाइन गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झाली होती.

हॉर्न वाजला तो एवढा जवळून, की माझी सायकल हातातून पडली. ओरछ्याकडून इंजिन आलं आणि आमच्यात आणि भावोजींच्यात डबे धावायला लागले. सुपरवायझरने माझा दंड धरला होता. गेटमन उकिडवा बसला आणि त्याने डोक्यावर हात घेतले.

गाडी संपली. मी आधी रुळांकडे पाहिलं. मग पलीकडच्या रस्त्याकडे. दोन्हीकडे काही नव्हतं, नुसतं धुकं. दांडा वर गेला तरी आम्ही थोडा वेळ तिथेच उभे होतो. मग सगळे एका ओळीत, सावकाश निघालो. कोणी कोणाला मागे टाकलं नाही.

ओरछा गेटला भावोजी एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. मास्तरांनी त्यांचा पहिला नंबर लिहून टाकला होता.

सुपरवायझर त्यांच्यापुढे उभा राहिला. "बधाई हो, अंकलजी," म्हणाला. "थर्मास आप रखिए. मैं आपके साथ अब नहीं दौड़ूँगा."

घरी जाताना खंडेराव गेटपाशी भावोजी सायकलवरून उतरले. मला वाटलं, चक्कर आली.

"मला ती दुसरी गाडी ऐकूच आली नाही गं," ते म्हणाले. "जो आवाज होता तो गेलेल्या गाडीचाच वाटला."

"घाई झाली तुम्हाला. त्या पोरांच्या नादाने."

"घाई असती तर बरं होतं. मी दिवा पाहिला आणि डोक्यात लाइन रिकामी झाली." मग म्हणाले, "ड्यूटीवर गाडी मध्येच थांबली की मी खाली उतरतो. डबे बघत चालत जातो. त्या बाजूला आता दुसरी लाइन आहे."

"मग इतके दिवस बघूनच उतरत असाल ना?"

"तेच आठवत नाहीये."

मी हे ताईपासून लपवलं नाही. त्याच दुपारी, भावोजींसमोरच सांगितलं. ताई ओरडली नाही, याची मला जास्त भीती वाटली. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "आता काय काय करायचं ते सांग." मी सांगितलं. शर्यत फाटकाच्या अलीकडूनच वळवायची. भावोजींचे कान तपासून घ्यायचे. आणि भावोजींनी साहेबांकडे जाऊन म्हणायचं, की नव्या लाइनवर मला दुसऱ्या गार्डबरोबर पुन्हा शिकायच्या फेऱ्या द्या, तोवर एकट्याला पाठवू नका.

शर्यतीचं आठवड्यात मार्गी लागलं. सुपरवायझरने स्वतः जाऊन वळणाची जागा ठरवली. कानही तपासले. "एकदम उत्तम," डॉक्टर हसत म्हणाले. कान वाईट निघाले असते तर इलाज झाला असता.

साहेबांकडे जायचं मात्र सोमवारवर गेलं. मग पुढच्या सोमवारवर. "रिटायर व्हायला आलेला माणूस शिकाऊ म्हणून दुसऱ्याच्या डब्यात बसणार?" भावोजी म्हणाले. "ड्यूटी घ्यायला जमतो त्या सगळ्या लॉबीत चहाबरोबर माझाच विषय." ताई म्हणाली, "होऊ दे. विषय निघायला माणूस घरी तर येईल."

दरम्यान ड्यूट्या चालूच आहेत. ते गेले की ताई कामं काढते, डबे घासते, कपाट लावते, आणि फोन वाजला की आधी हात पुसते. हात कोरडा असला तरी.

आज दुपारी पुन्हा ड्यूटीचं बोलावणं आलं. त्याच मार्गावर, मालगाडी. मी दारातच होते. ताईने जेवणाचा डबा हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"बोललात साहेबांशी?"

"साहेब आज रजेवर आहेत. परत आलो की बोलतो. नक्की."

ताईने डबा सोडला. ते जिना उतरून गेले. साहेबांशी बोलायचं राहिलं आहे.