एकोणीसशे ऐंशीचा पोपट

जयमाला सावे म्हणजे वकिलीत मुरलेली बाई. डहाणूच्या कोर्टात त्या उलटतपासणीला उभ्या राहिल्या की भलेभले गडबडत. कॉम्प्युटर मात्र त्यांनी बँकेतसुद्धा लांबूनच पाहिला होता.

सत्त्याण्णव साली चिकूचे व्यापारी विपुलभाई हसत हसत आले. त्यांच्या खोक्यांवरचा पोपट आपण काढलेला आहे, असा दावा पाट्या रंगवणाऱ्या अमृतनं ठाण्याच्या कोर्टात लावला होता. विपुलभाईंनी टेबलावर फ्लॉपी ठेवली.

"पोपट आमच्या कॉम्प्युटरमधला आहे, बेन. फायलीची तारीख बघा, एकोणीसशे ऐंशी. तेव्हा अमृत चड्डीत फिरत होता. घ्या प्रतिज्ञापत्र लिहायला."

बाईंनी पेन उघडलं नि तसंच धरून बसल्या. जे आपल्याला उघडताही येत नाही, ते कोर्टापुढे कुठल्या तोंडानं ठेवायचं?

"आधी मला हे शिकू द्या," त्या म्हणाल्या.

जवळच्या सरावली गावात दक्षा नावाची तरुणी कॉम्प्युटरचा क्लास घेई. पहिल्याच दिवशी बाईंनी स्वतःचं नाव टाइप केलं, पुसलं, मोठं केलं, तिरकं केलं. माउस टेबलावरून खाली गेला तरी बाण पडद्यावरच, याचं त्यांना हसू आवरेना. घरी पोळपाटावरही बोटं टकटक करू लागली.

एके सकाळी आपल्या फायलीसमोरची तारीख त्यांनी वाचली. एक जानेवारी ऐंशी.

"दक्षा, हे तर मी आत्ता लिहिलंय."

"आतल्या घड्याळाचा सेल मेलाय, मॅडम. बंद करून चालू केला की हा ऐंशीपासूनच सुरू होतो. हवी ती तारीख घाला."

बाईंनी दोन हजार वीस साल घातलं, स्वतःला एक पत्र लिहिलं आणि खुदुखुदु हसत सुटल्या. मग एकदम थबकल्या. विपुलभाईंचा पोपट!

रिक्षा करून त्या थेट गोदामात. "कॉम्प्युटर कधी घेतला?"

"चौऱ्याण्णवला."

"मग ऐंशी साली पोपट कशात काढलात?"

विपुलभाई बोटांवर वर्षं मोजू लागले. बाईंनी सेलची गंमत सांगितली.

"पण समोरच्या वकिलाला कुठे कळतंय?"

"मला कळलंय ना. आता हे मी कोर्टापुढे ठेवणार नाही. खरं सांगा, पोपट कोणाचा?"

"अमृतनं आमच्या भिंतीवर काढला होता," विपुलभाई ओशाळून म्हणाले. "ऑपरेटरनं बघून उतरवला. मला वाटलं, कॉम्प्युटरवर आला म्हणजे आपलाच झाला."

तडजोड झाली. पोपटाच्या पायाशी अमृतचं नाव आलं, नव्या खोक्यांच्या चित्रांचं कामही त्यालाच मिळालं. मसुदा बाईंनी दक्षाच्या क्लासात स्वतः टाइप केला. प्रिंटर करकरत कागद सोडू लागला, तशा त्या लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या. हव्या तेवढ्या प्रती निघाल्या तरी तो सोडतच राहिला. थांबवायचं कसं, ते अजून शिकायचं होतं.