आईची गाडी आणि उदबत्तीचा धूर

"आतमध्ये त्याला थंडी वाजत असेल का?"

दवाखान्यातल्या थंड खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्या माणसाला मी हे विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. रफिकचाचांना विचारलं, ते भिंतीकडे बघत बसले.

प्रश्न येडपटासारखा आहे हे मला कळतं. शाळा आठवीत सोडली असली तरी एवढं कळतं. पण ऊन आणि थंडी आत येऊ न देणं हाच माझ्या दादाचा धंदा होता. मग मी दुसरं काय विचारणार?

असो. आमच्या तळवड्याच्या शेडमध्ये दोन गोष्टी कधीच संपल्या नाहीत. एक फोमचे तुकडे आणि दुसरे किस्से. फोम निदान झाडून बाहेर टाकता यायचा.

शेडमध्ये आम्ही तिघं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ संतोष. वेल्डिंगला रफिकचाचा. आणि पडेल ते काम करायला मी. लोक जुनी व्हॅन घेऊन यायचे, आम्ही तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून फिरतं घर करून द्यायचो. कॅम्पर म्हणतात त्याला. पलंग कुणीही ठोकतो हो. खरं काम पत्र्याचं. नुसता पत्रा म्हणजे मे महिन्यात तवा आणि डिसेंबरात बर्फाचा गोळा. त्याला आतून गरम कपडे घालायचे, तेही स्वस्तात. त्यात दादाचा हात धरणारा चाकणपासून पिंपरीपर्यंत कुणी नव्हता. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. गाड्या अजून फिरतायत, जाऊन बसून बघा.

शेडच्या कोपऱ्यात एक निळी व्हॅन उभी असायची. ती विकायची नव्हती. ती आईची गाडी. आईला ऊन सोसत नाही. एकदा गावाला, लातूरकडे जाताना एसटीतच तिला भोवळ आली होती. तेव्हा दादा म्हणाला, "आई, पुढच्या वेळी तुला घामाचा थेंब न येता गावाला नेतो. नाही नेलं तर मला संतोष म्हणू नकोस."

आई म्हणाली, "आधी गाडीला दार तर बसीव."

गिऱ्हाईक आलं की निळी गाडी परत कोपऱ्यात जायची.

* * *

दादाची एक पद्धत होती. फोम, प्लाय सगळं बसवून झालं की गाडीची दारं लावायची, पंखा बंद करायचा आणि आत उदबत्ती पेटवायची. मग ती हळूहळू दारांच्या, खिडक्यांच्या कडेने फिरवायची. जिथे धूर वाकडा होतो, तिथे फट. "भिंतीला कितीही फोम लाव," दादा म्हणायचा, "फट राहिली तर सगळं पाण्यात. आधी धूर सरळ कर." मग त्या फटीत रबराची पट्टी चिकटवायची आणि परत उदबत्ती.

पिंपळे सौदागरचे एक साहेब आणि मॅडम पहिल्यांदा गाडी न्यायला आले, तेव्हा दादा आत उदबत्ती फिरवत होता. काचेतून त्यांनी ते बघितलं. साहेबांनी बूट काढले. मॅडमनी ओढणी डोक्यावर घेतली. दोघं हात जोडून गाडीसमोर उभे राहिले. मग साहेब पळत जाऊन नारळ आणि पेढे घेऊन आले.

चाचा मला म्हणाले, "सांग की त्यांना."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

दादा बाहेर आला. नारळ घेतला, फोडला, पेढा तोंडात टाकला. मग गंभीर तोंड करून साहेबांना म्हणाला, "मागच्या दारात फट आहे. गाडी उद्या मिळेल."

साहेबांनी परत नमस्कार केला.

* * *

फोम आम्ही कधी नवा घेतला नाही. चाकणला कंपन्यांमध्ये पार्ट येतात, ते जाड पांढऱ्या फोममध्ये आणि चंदेरी बुडबुड्यांच्या शीटमध्ये गुंडाळलेले असतात. पार्ट आत जातो, कपडे भंगारात. भंगारवाल्याकडून ते आम्ही उचलायचो. पत्र्याला आधी चंदेरी शीट, वर फोम, वर पातळ प्लाय. झालं.

त्याच साहेबांच्या गाडीत मी घाईघाईने छताचा एक पट्टा छापील बाजू खाली करून लावला आणि तिथे प्लाय लावायचा राहिला. पलंगावर झोपलं की बरोबर डोळ्यांसमोर, मोठ्या लाल अक्षरात, "हँडल विथ केअर".

दादाने मला असं काही झापलं की शेजारच्या शेडमधले लोक बघायला आले. दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन परत आले तेव्हा दादा मॅडमना म्हणाला, "ताई, काढून देतो, तासाभराचं काम आहे."

मॅडम म्हणाल्या, "हात लावायचा नाही त्याला. काल हे जरा आवाज चढवून बोलायला लागले, मी नुसतं वर बोट दाखवलं."

साहेब पाण्याची टाकी तपासत होते. बराच वेळ तपासत होते.

याच मॅडमनी चंदेरी शीट काचांच्या मापाने कात्रीने कापून, कडेला लोहचुंबक लावून झाकणं केली होती. दुपारी काचेच्या चौकटीला चिकटवायची, संध्याकाळी काढून ठेवायची. सोपं काम, पण आम्हाला सुचलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात दादा एका नव्या गिऱ्हाइकाला ती झाकणं दाखवून सांगत होता, "हा माझा शोध."

मागून आवाज आला, "हो का भाऊ?"

दादाने वळून बघितलं. मॅडम पाण्याचा नळ बदलून घ्यायला आल्या होत्या.

"मी म्हणजे, आपण," दादा म्हणाला.

* * *

छताला पांढरा रंग दिला की गाडी किती थंड राहते, हे लोकांना पटायचं नाही. म्हणून दादाने एका भंगार गाडीचं छप्पर अर्धं पांढरं आणि अर्धं काळं रंगवून ती शेडबाहेर उभी केली. पण गिऱ्हाईक दोन्हीकडे हात लावून म्हणायचं, "फार फरक वाटत नाही राव."

शेडमध्ये एक मांजर होती. तिला त्या छपरावर झोपायची सवय लागली. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायला लागलं की ती उठायची आणि पांढऱ्यावर जाऊन पडायची. थंडीत काळ्यावर. कुणी शंका काढली की दादा नुसता वर बोट करायचा. "तिला आपल्याकडून कमिशन नाही," एवढंच म्हणायचा.

एकदा एक गाडी गेली आणि संध्याकाळपासून मांजर दिसेना. चाचा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी त्या गाडीवाल्याचा महाबळेश्वरहून फोन आला.

"संतोषभाऊ, तुमचं थर्मामीटर आमच्या पलंगावर झोपलंय. परत आणू की गाडीबरोबरच असतं?"

* * *

हे थंडीतलं. एक नवीन लग्न झालेलं जोडपं गाडी घेऊन डोंगरात गेलं. सकाळी सकाळी नवऱ्याचा फोन. "भाऊ, गाडी आतून गळतेय."

दादा म्हणाला, "पाऊस आहे का तिकडे?"

"पाऊस कुठला, थंडीये. भिंतीवरून पाणी ओघळतंय. उशी भिजली."

दादाने विचारलं, "छताची छोटी खिडकी उघडी ठेवली होती का बोटभर?"

"छे, गच्च बंद. थंडी आत येऊ नये म्हणून वर टॉवेल पण कोंबला."

"अहो, तुम्ही दोघं रात्रभर श्वास सोडता. तो जाणार कुठं? गार पत्र्यावर जाऊन त्याचं पाणी होतं. आणि तुमचा जीव गुदमरला असता ते वेगळंच."

नवरा भडकला. "खिडकी उघडीच ठेवायची तर एवढा फोम कशाला लावला?"

दादा शांतपणे म्हणाला, "स्वेटर घालता तेव्हा नाक बांधता का?"

तेव्हापासून प्रत्येक गाडी देताना चाचा गिऱ्हाइकाला तीच ओळ ऐकवायचे. आणि मागून दादा, "रॉयल्टी द्या चाचा."

* * *

दादाला फक्त एका माणसाने हरवलं. आमच्या आईने.

ती एकदा डबा घेऊन शेडमध्ये आली आणि निळ्या गाडीच्या भिंतीवरचा फोम दाबून बघत म्हणाली, "ह्ये पांढरं काय लावलंस रं? दोन जुनी लुगडी अन् एक धोतर, त्यात आमचा जलम गेला. गोधडी लाव की."

दादा हसला. "आई, गोधडी पांघरायला. गाडीला फोमच लागतो."

"लाव पैज."

दोन स्टीलचे डबे आणले. दोन्हीत सारखा बर्फ. एक डबा दादाने फोममध्ये गुंडाळला, वर चंदेरी शीट, कडांना टेप, अगदी कंपनीचा माल. दुसरा आईने तिच्या गोधडीत गुंडाळला आणि वर गाठ मारली. दोन्ही भर उन्हात. आम्ही सगळे सावलीत बसून वाट बघत होतो, शेजारच्या शेडमधलेसुद्धा काम सोडून आले होते.

दुपार उलटल्यावर डबे उघडले. दादाच्या डब्यात पाणी. आईच्या डब्यात अजून बर्फाचा चांगला खडा तरंगत होता.

दादा डबा उलटापालटा करून म्हणाला, "ह्याचं झाकण ढिलं आहे."

आई म्हणाली, "व्हय, झाकणच ढिलं हाय."

दुसऱ्या दिवशी दादाने ती गोधडी मागून घेतली आणि निळ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे दांडीवर पडद्यासारखी लावली. येईल त्याला दाखवायचा. "हा आमच्या कंपनीचा सगळ्यात भारी माल. विकायचा नाही."

* * *

वैशाखात, भर दुपारी, काम करता करता दादाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रात्र त्याने त्या थंड खोलीत काढली आणि मी बाहेर बाकावर.

सकाळी आई म्हणाली, "गावाला न्यायचं. त्याच्या बापाला जिथं अग्नी दिला तिथं."

गाडी मिळाली ती एसी बंद असलेली. ड्रायव्हर म्हणाला, "काचा उघड्या ठेवू, वारं लागतं." लातूरकडचं ऊन त्याला माहीत नव्हतं. मी त्याला परत पाठवून दिलं. सगळे माझ्यावर ओरडले. मामा म्हणाले, "अरे, आता दुसरी कुठून आणणार?"

मी शेडवर जाऊन निळी गाडी काढली.

चाचांनी ओळखीच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या. पलंगावर पत्रा टाकला, त्यावर बर्फ, त्यावर लाकडाचा भुसा, वर पोती. दादाला ठेवलं. काचांना मॅडमच्या पद्धतीची चंदेरी झाकणं लावली. आईने दांडीवरची गोधडी काढली आणि त्याच्या अंगावर घातली, बाजूचा बर्फही झाकून घेतला. मग ती उशाशी बसली. मी पायाशी. छताची छोटी खिडकी मी बोटभर उघडी ठेवली. आई आत होती.

दार लागलं. बाहेर माणसं रडत होती, ते आत कमी ऐकू येत होतं. आईने उदबत्ती पेटवून त्याच्या उशाशी खोचली.

धूर थोडा वर गेला आणि वाकला. माझ्या अंगावरून मागच्या दाराकडे गेला.

मी दार उघडून उतरलो. मामा म्हणाले, "आता काय?"

मी म्हटलं, "मागच्या दाराचं रबर राहिलंय."

"ऊन चढतंय बाळू. ह्या वेळेला तुला रबर सुचतंय?"

चाचा स्टिअरिंगवरून उतरले आणि मामांच्या समोर येऊन उभे राहिले. "करू द्या त्याला," म्हणाले.

रबराची पट्टी दादाच्या खोक्यातच होती, मापाने कापलेली. दाराच्या चौकटीला वरपासून खालपर्यंत लावली, अंगठ्याने दाबत दाबत. कोपऱ्यात ती नीट बसत नव्हती, परत काढून लावली. मग मी आत चढलो, दार ओढून घेतलं आणि पायाशी बसलो.

आईने नवी उदबत्ती लावली. आम्ही दोघं बघत राहिलो.

धूर सरळ वर गेला आणि छताच्या खिडकीतून बाहेर पडला.

मी बाजूच्या पत्र्यावर थाप मारली. "घ्या चाचा."