शेवटचे काही दिवस

नाचाच्या बाईंना डावं-उजवं कळत नाही, अशी सगळे त्यांची चेष्टा करायचे, आणि त्यात तथ्य होतं. मुलींसमोर तोंड करून उभं राहायचं, तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतः डावा पाय टाकायचा, म्हणजे मुलींना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. उभं आयुष्य असं उलटं नाचण्यात गेलं. मग रस्त्यात कुणी पत्ता विचारला की बाई हमखास भलतीकडे पाठवायच्या, आणि तो बिचारा अर्धं गाव पालथं घालून परत तिथेच यायचा.

वर्ग टायरच्या दुकानाच्या वर होता. खाली लाकडी फळ्या, एका भिंतीला आरसे, त्यातला कोपऱ्यातला तडकलेला. एके काळी जिन्यात चपलांना जागा पुरायची नाही. मग गावातला मोठा कारखाना बंद पडला आणि जो तो हात आखडता घ्यायला लागला. आता काटछाट करायची तर लोक आधी काय बंद करणार? पोरीचा नाचच ना! मुली एकेक करून गळाल्या. टायरवालाच जागेचा मालक होता. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं की महिनाभरात वर्ग भरला तर ठीक, नाहीतर जागा गोदामाला देतो. ही जागा गेली तर नाचायचं कुठे? घरात हात पसरला तर कपाटाला लागायचा.

जाहिरात करा, असं ज्याने-त्याने सांगितलं. सांगायला कुणाचं काय जातं! फोनवरून व्हिडिओ टाकून झाला, तो बघितला नातेवाइकांनीच. पहिला वर्ग मोफत ठेवला. मुली आल्या, घाम गाळून गेल्या आणि पुन्हा एकही फिरकली नाही. शेवटी बाई धाकट्या भावाकडे गेल्या.

भाऊ पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला मात्र त्या वर्षी श्वास घ्यायला फुरसत नव्हती, कारण बंद होणाऱ्या प्रत्येक दुकानाला पाटी लागत होती: ‘शेवटचे काही दिवस, सर्व माल काढणे आहे’. बाईंनी त्याला ‘प्रवेशाच्या शेवटच्या काही जागा’ असं लिहायला सांगितलं. वर्ग रिकामा का असेना, लोकांना तो भरत आलाय असं वाटू दे. भावाने जीव ओतून पाटी केली. वर गिरकी घेणारी मुलगी, तिच्या झग्याचा घेर, खाली ठसठशीत अक्षरं. पण हाताला पडलेली सवय! त्याने लिहिलं, ‘नृत्यवर्ग: शेवटचे काही दिवस’.

पाटी चढल्यावर त्याच्या ध्यानात आलं. बिचारा इतका ओशाळला की लगेच पुसायला निघाला. बाईंनीच अडवलं. प्रवेशाचे शेवटचे दिवस असाच अर्थ लोक घेतील, उलट घाई करतील, असं त्या म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांना भावाचं मन मोडवेना. अहो, पण ज्या गावात वर्षभर हेच शब्द दुकानादुकानावर लागत होते, तिथे लोक दुसरा कोणता अर्थ घेणार? एवढं कळायला नको? पण बाईंना तेव्हा पाटी दिसतच नव्हती, भरलेला वर्ग दिसत होता.

आणि जिना खरोखर भरला. पावलांचे आवाज ऐकून बाईंनी घाईघाईने केस सारखे केले. आलेली सगळी माणसं निरोप घ्यायला आली होती. जुन्या मुली आल्या, कडेवर लेकरं घेऊन. कुणी फुलं आणली, कुणी गळ्यात पडून रडलं. वर्ग बंद होत नाहीये, असं बाई एकेकीला धरून सांगत होत्या, आणि मुली आजारी माणसापुढे डोलवावी तशी मान डोलवत होत्या. दुकान बंद झालेला प्रत्येक दुकानदार अखेरपर्यंत हेच सांगत राहिला होता. शिकायला येणाऱ्या शेवटच्या मुलीची आई तर अगदी अवघडून गेली.

“बाई, पाटी बघितली आणि हिचं नाव दुसरीकडे घातलं हो,” ती म्हणाली. “तुमच्याकडूनच ऐकायला हवं होतं.”

मालकानेही पाटी वाचली होती. बाईंनी आपणहून समजूतदारपणा दाखवला म्हणून त्याने खूश होऊन गोदामवाल्याला शब्दही देऊन टाकला, आणि आभार मानायला वर आला. बाईंना रडू आलं नाही. संताप आला, नुसता संताप, आणि तो काढावा असा एकही नालायक माणूस समोर नव्हता.

गोदामाच्या पाटीचं काम पेंटरलाच मिळालं. तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला, आत येईना.

“ताई, मी नाही म्हणून सांगतो त्याला.”

“घरी खाणारी तोंडं आहेत तुझ्या. घे काम,” बाई म्हणाल्या. “आणि अक्षर नीट काढ.”

शिडी धरायला त्या स्वतः गेल्या. गिरकी घेणाऱ्या मुलीवर पांढरा रंग फिरला. आधी घेर गेला, मग पसरलेले हात, आणि पायाची बोटं सगळ्यात शेवटी. रंग वाळल्यावर भावाने खडूने नवी अक्षरं आखली. बाई रस्त्यापर्यंत मागे सरून बघायला लागल्या. अक्षरं उजव्या कडेला जाऊन टेकली होती.

“जरा उजवीकडे घे,” त्या म्हणाल्या.

भावाने मागे वळून बघितलं नाही. त्याने खडूच्या रेघा पुसल्या आणि डावीकडून पुन्हा आखायला घेतलं.