पाण्यात आवळणारी गाठ

आमची कंपनी तेव्हा ईशान्येकडच्या डोंगरात, एका नदीकाठच्या पोस्टवर होती. मी हवालदार. नाईक हरेश भोईर माझ्याच सेक्शनमध्ये. तो टिटवाळ्याजवळच्या एका गावचा, काळू नदीत पोहून मोठा झालेला. मी ठाण्याच्या नौपाड्यातला. मासा तोवर फक्त ताटात ओळखायचो. सकाळी पीटी, मग गस्त, दुपारी हत्यारांची सफाई, असा आमचा दिवस जायचा. रविवारी परवानगी मिळाली की हरेश गळ घेऊन नदीवर निघायचा आणि मलाही ओढून न्यायचा.

आता आमच्या सोसायटीतली रिटायर्ड मंडळी मला गळाबद्दल सल्ला विचारतात. मी ऐटीत देतो, पण त्यातलं माझं काहीच नाही, सगळं हरेशचं आहे. धावतं पाणी जिथे संथ पाण्याला मिळतं, तिथे गळ टाकावा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. मासा परत सोडायचा असेल, तर आधी हात ओले करून मगच त्याला धरावं. मी पहिल्याच झटक्याला रॉड उचलायचो आणि हात हलवत परत यायचो. तेव्हा तो म्हणायचा, "साहेब, मासा आधी चाखतो, मग खातो. तुमी चाखतानाच ओढता."

पावसाळ्यात गळ बंद. मासळीच्या पोटात गाभोळी असते, तेव्हा तिच्या वाटेला जायचं नाही, हा त्याचा कायदा होता. ते महिने सामानाच्या देखभालीचे. पहिल्या वर्षी मी फौजी खाक्याने त्याच्या रीलमध्ये रायफलचं तेल सढळ हाताने ओतलं. रीलचा ब्रेक पार निकामी झाला, आणि हवालदार असूनही मी नाईकाच्या शिव्या निमूटपणे खाल्ल्या. रील साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, मुठीला तेलाचा एकच थेंब. ब्रेक पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात. रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवायचा. कापूस अडकला की तिथे चीर आहे असं समजायचं. आणि जुना दोरा कितीही चांगला दिसला तरी कापून टाकायचा.

गाठ मात्र तो एकच मारायचा. गळाला तीच, तंबूला तीच, सामानाच्या गाठोड्यालाही तीच. त्याच्या बाबांनी, काशिनाथकाकांनी, लहानपणी शिकवलेली. पाणी लागलं की ती आणखी आवळते, याचा त्याला भारी अभिमान होता.

ती सकाळ मला नीट आठवते. रात्रभर वर डोंगरात पाऊस झाला होता आणि लाकडी पूल वाहून गेला होता. पलीकडच्या पोस्टवर एक जवान तापाने फणफणला होता. रेडिओवर निरोप आला, "पेशंट शुद्धीवर नाही. औषध केव्हा पोचेल? ओव्हर."

"नदी पार करतोय. ओव्हर," मी कळवलं.

पहिल्या माणसाने कमरेला दोर बांधून पलीकडे जायचं आणि तो झाडाला बांधायचा, असं ठरलं. हरेश पुढे आला. "पान्यातला मीच आहे, साहेब." त्याने स्वतःच्या हाताने कमरेला गाठ मारली. त्याने आणि मी ती ओढून पाहिली, जराही हलली नाही.

अर्ध्या वाटेत त्याचा पाय निसटला. दोर पाण्याखाली दोन दगडांच्या फटीत अडकला. आम्ही इकडून ढील दिली, उपयोग झाला नाही. अडकलेला दोर त्याला वर येऊ देईना आणि पाणी त्याला खाली दाबत होतं. त्याचे दोन्ही हात कमरेपाशी होते. आमचा एक लान्स नाईक चाकू घेऊन उतरला. दोर कापून त्याने हरेशला बाहेर काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

औषध दुसऱ्या दोराने पलीकडे गेलं. तो जवान वाचला.

हरेशला घेऊन मी त्याच्या गावी आलो. सामानाच्या ट्रंकेत त्याचा रॉड होता. काशिनाथकाका जाळ्याने मासे धरणारे, गळ त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. तेव्हापासून दर आषाढात मी टिटवाळ्याला जातो, त्यांच्या ओटीवर बसून हरेशचा रॉड आणि रील साफ करतो. दोरा बदलायला मात्र ते कधी देत नसत. त्याला हरेशने बांधलेला गळ तसाच होता. दर वर्षी ते ती गाठ हातात घ्यायचे, जोर लावून ओढून बघायचे आणि ठेवून द्यायचे. मला वाटायचं, लेकाची आठवण म्हणून करतात.

यंदा दोरा अगदीच कडक झाला होता, वाकवला की त्याला बारीक चिरा पडत होत्या.

"काका, आता हा कापायलाच हवा."

"थांब, सुभेदारा." त्यांनी गाठ ओढून पाहिली. मग खाली मान घालून म्हणाले, "यक इचारू? गाव बोलतं, हरेशची गाठ सुटली म्हनून तो गेला. मीच शिकवलेली ती. खरं सांग, सुटली व्हती?"

इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. खोटं काही बोलावं लागणार नाही, या विचाराने मला तर हायसंच वाटलं.

"नाही काका. गाठ शेवटपर्यंत घट्ट होती."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विचारलं, "मंग सोडवली कोनी?"

"कोणालाच सुटली नाही. दोर कापावा लागला."

सगळा जन्म पाण्यात गेलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हंजे सुटली अस्ती तं वाचला अस्ता," ते म्हणाले. "लहानपनी जमत नव्हती त्याला. तवा मी त्याला मारला व्हता."

मला रडू आलं. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस मी, त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडलो. ते रडले नाहीत. मी दोरा कापायला कात्री उचलली, तर त्यांनी माझा हात धरला.

"कापू नको."

आत जाऊन त्यांनी जाळं विणायची सुई आणली, चष्मा लावला आणि त्या बारीक गाठीत सुईचं टोक घातलं. काकूंनी आणलेला चहा तसाच निवला. सुई सारखी घसरत होती. मी मदत करू लागलो तर त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. दुपार उलटल्यावर एक वेढा सैल झाला, मग दुसरा. गळ त्यांच्या तळहातावर मोकळा पडला.

त्यांनी तो दोरा उचलून समोर धरला. समोर कोणीच नव्हतं.

"अशी सोडवायची, पोरा," काका म्हणाले.