वॉकओव्हर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस नव्हता. निलंग्यात टँकर यायचा. जिल्ह्याच्या इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला आम्ही दोघीच उरलो होतो — मी, दुकानदाराची लेक, आणि माझ्याच वर्गातली पंचशीला. जिंकेल तिची लातूरच्या वसतिगृहात सोय होणार होती. पंचशीला हरली तर उन्हाळ्यात तिचं लग्न. आणि मला? मला फक्त तिच्याकडून हरायचं नव्हतं.

शेवटच्या फेरीच्या शब्दांचा विषय होता हार-जीत. पाण्याच्या रांगेत आम्ही शब्द घोकायचो — विनर, रनर-अप, डिफीट. ती विचारायची, मी चुकायचे. रोज.

स्पर्धेच्या सकाळी रांगेत माणूसच नव्हतं. बाया लांब सावलीला, नंबरला नुसत्या घागरी. भर उन्हात तोंडं वासून बसलेल्या — सगळ्या माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. पंचशीलाची तिसरी. तिच्याभोवती वीतभर जागा सुटलेली, कारण आमच्या गल्लीतलं कुणी त्या घागरीला शिवत नसे. मी शिवले. रिकामी असून इतकी जड कशी? पार शेवटी नेऊन ठेवली. वाकले तेव्हा माझाच श्वास आतून परत आला.

संशय कुणावर येणार होता? आमच्यातलं कुणी ती घागर उचलेल, हे कुणाच्या मनातही येणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं — ठाऊक होतं म्हणूनच केलं.

तिची आई खडी फोडायला गेलेली, घरात थेंब नाही; पाणी तिलाच भरायचं होतं. पाणी भरेपर्यंत एसटी गेली. लातुरात तिचं नाव तीनदा पुकारलं आणि मला विजयी ठरवलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

आता मी इंग्रजी शिकवते. समोरचा आलाच नाही तर त्या जिंकण्याला काय म्हणतात, असं दरवर्षी विचारते. मुली वह्या चाळतात. उत्तर मागच्या रिकाम्या बाकावरून येतं — तिच्या तेव्हाच्या आवाजात. मला भीती वाटते. तरी मी विचारते. का?

मागच्या वर्षी ती शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडवर भेटली. माझा हात धरून म्हणाली, “त्या दिवशी माजी घागर कुणीतरी मागं टाकली बग. तू तितं आसतीस तर टाकू दिली नसतीस.”

मी मान हलवून “हाव” म्हणाले, आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.